वासाचा गुलाब

इंदूरच्या आमच्या अंगणात, तुळशीवृंदावनाशेजारी, आईने लावलेला देशी गुलाब होता. झुडूप काटेरी, वेडेवाकडे. फुले लहान, फिकट गुलाबी. चैत्रात काय ती भरभरून यायची आणि उन्हे चढताच मान टाकायची. शोभेच्या नादी लागून आम्ही एके वर्षी ते मुळासकट उपटले व रोपवाटिकेतून चार कलमी गुलाब आणून लावले. आई काही बोलली नाही.

कलमांची सेवा मात्र आम्ही मनापासून केली. माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते आणि गुलाबाच्या मुळांना साचलेले पाणी सोसत नाही; म्हणून खड्ड्यांत वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळले. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात छाटणी केली; बाहेरच्या अंगाला पाहणाऱ्या डोळ्यावर तिरका काप दिला. कलमाच्या सांध्याखालून फुटणारा जंगली फुटवा दिसताच काढावा लागतो, नाहीतर तोच सारे झाड गिळतो. दीड-दोन महिन्यांत बशीएवढी फुले आली. शेजारी पाहून गेले. आम्हीही थोडे फुगलोच!

काचबिंदूने आईची दृष्टी तोवर गेली होती. पूजेची फुले ती बोटांनी निवडी. देवाची फुले हुंगायची नाहीत, हा तिचा नेम. आम्ही तबकात आमचे थोरले लाल फूल ठेवले. तिने पाकळ्या चाचपल्या आणि विचारले, "आज जास्वंद का रे?"

सारेच कलमी गुलाब निर्गंध असतात असे नव्हे. १९३५ सालचा जर्मन 'क्रिमसन ग्लोरी' सुगंधासाठीच नावाजलेला आहे. आम्ही मात्र रंग आणि आकार पाहून निवड केली होती.

आईने पूर्वी आपल्या गुलाबाची फांदी गल्लीतल्या एका काकूंना दिली होती. त्यांच्याकडून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या सहा काड्या आणल्या. देशी गुलाब काडीवर लागतो. कलम बांधावे लागत नाही. तरी पाच वाळल्या. सहावीचा पहिला चैत्र नुसत्या पानांतच गेला. आई तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांची; आम्ही रोज सकाळी आधी झाडाकडे पाहत असू, मग तिच्याकडे.

पुढल्या चैत्रात एक फूल आले. तबक पुढे ठेवले, तो तिचा हात वाटेतच थांबला.

"किती आलीत रे?"

"एकच."

"मग यंदा गुलकंद व्हायचा नाही," ती म्हणाली आणि फूल बाळकृष्णाच्या पायांशी ठेवले.