जोरासांकोचं तिसरं भावंड

त्याचं नाव कुठल्याही वंशावळीत सापडणार नाही. कोलकात्यातल्या टागोरांच्या जोरासांकोच्या घरात अवनींद्रनाथ आणि सुनयनीदेवी ही भावंडं चित्रं काढत, तेव्हा दोघांच्याही हाताशी ते असे: पाण्यानं भरलेलं गोल भांडं.

ते आलं भावाकडून. १९०३ साली योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार कोलकात्यात आले. ताइकान पाण्याचा कुंचला फिरवून कागद ओला करतात, हे अवनींद्रनाथांनी पाहिलं आणि आपण रंगवलेला अख्खा कागदच पाण्यात बुडवला. तेव्हापासून भांडं घरचं झालं.

स्वभावानं ते सोशीक, पण हट्टी. वरवर थापलेला रंग ठेवून घेतं आणि कागदात मुरलेला तेवढाच परत देतं. धसमुसळेपणा केला की सगळं गढूळ. चित्रकाराचा मान आपण कुंचल्याला देतो. मला विचाराल तर या घराण्यात अर्धा मान भांड्याचा.

सुनयनीदेवींशी त्याचं अधिक जमलं. त्यांचा जन्म १८७५चा, बाराव्या वर्षी लग्न, मग संसार. भाऊ सरकारी कलाशाळेत उपप्राचार्य झाले, नंदलाल बोसांसारखे शिष्य त्यांच्या हाताखाली तयार झाले. बहिणीनं भावांची चित्रकला पाहिली ती अंतःपुराच्या उंबरठ्याआडून. मुंबईत पुढच्या पिढीत चित्रकार धुरंधरांनी आपल्या लेकीला, अंबिकाला, जे. जे. कलाशाळेत शिकवलं, सुनयनीदेवींच्या वाट्याला ते भाग्य नव्हतं. तिशीच्या सुमारास त्यांनी आपणहून कुंचला हाती घेतला. तक्तपोशावर, म्हणजे लाकडी बैठकीवर, बसायचं, एक डोळा स्वयंपाकघरावर. पेन्सिलीचा आराखडा नाही. लाल किंवा काळ्या रंगाची रेघ थेट कुंचल्यानं ओढायची, रंग भरायचा आणि कागद भांड्याच्या स्वाधीन करायचा. बाहेर आलेल्या ओल्या, पुसट रंगांत काहीतरी आकार घेऊ लागे. कुंचला त्याच्या मागोमाग जाई. आपली बरीचशी चित्रं आधी स्वप्नात दिसली, असं त्या सांगत.

पाणी तेच, पण भावाच्या चित्रात त्याचं धुकं झालं. बहिणीच्या चित्रात धुकं फार नाही. राधा, कृष्ण, गवळणी, अर्धनारीश्वर हे सगळे भरदार, गोलाईचे, लांबट डोळ्यांचे. कालीघाटच्या पटांशी आणि मातीच्या बाहुल्यांशी नातं सांगणारे. भावाची रीत तिच्यापर्यंत पोचवताना भांड्यानं भावाची नजर तिच्यावर लादली नाही, याचं मला फार मोल वाटतं. एवढ्या नामवंत भावांच्या सावलीत तिचा हात तिचाच राहिला.

१९२२च्या डिसेंबरात कोलकात्यात इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टच्या प्रदर्शनात बाउहाउस या कलाशाळेतली, क्ले आणि कांडिन्स्की यांच्यासारख्या चित्रकारांची कामं जर्मनीहून आली, तेव्हा कधी कलाशाळेत न गेलेल्या सुनयनीदेवींची चित्रंही तिथे होती. कला-इतिहासकार स्टेला क्रामरिश यांनी १९२५मध्ये जर्मन नियतकालिकात त्यांच्यावर लेख लिहिला. तरी आजही त्यांची ओळख ‘अवनींद्रनाथांची बहीण’ अशी सुरू होते आणि पुष्कळदा तिथेच थांबते. ते मला खटकतं. चित्रांच्या तपशिलात ‘कागदावर जलरंग’ असं लिहितात. त्यापुढे ‘पाण्यात बुडवून’ एवढं जोडलं, तरी ही बाई काम कसं करत होती ते पाहणाऱ्याला कळेल.