पन्हाळ्याचा चढ आणि आमच्या अकरा सायकली



गेल्या महिन्यात मंडळात दोघी-तिघींनी विचारलं, "तुम्ही बायका सायकलवरून पन्हाळ्याला जाता म्हणे. आम्हाला जमेल का गं?" तिथल्या गडबडीत मी नुसतं "या की" म्हणून मोकळी झाले. पण खरं उत्तर एवढ्यात संपणारं नाही, म्हणून आज कणीक भिजवून ठेवून लिहायला बसले आहे.

आधी वाट सांगते. कोल्हापुरातून शिवाजी पूल ओलांडला की रत्नागिरीचा रस्ता लागतो. केर्लीला जोतिबाचा रस्ता फुटतो, तिथंपर्यंत वाट जवळजवळ सपाट. दोन्ही बाजूंना ऊस. पुढे वाघबीळ आणि तिथून मुख्य रस्ता सोडून पन्हाळ्याकडे वळायचं. सगळं मिळून वीसेक किलोमीटर. गड आसपासच्या मुलखापेक्षा सुमारे चारशे मीटर उंच आहे, आणि ही उंची वीस किलोमीटरमध्ये सारखी वाटलेली नाही. बहुतेक चढ शेवटच्या सात-आठ किलोमीटरमध्ये आहे. म्हणजे केर्लीपर्यंत सगळ्या सारख्याच हसतखिदळत येतात, आणि खरी परीक्षा त्यानंतर.

आम्ही अकराजणी. सगळ्यात लहान एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाणारी. सगळ्यात मोठ्या त्रेसष्टच्या काकू, ज्यांनी शाळा सुटल्यानंतर सायकलला हात लावला नव्हता. मधल्या आम्ही. कुणाची एकवीस गिअरची, कुणाची मुलाची जुनी, एकीची पुढे बास्केट असलेली साधी लेडीज सायकल. तिला गिअरच नाहीत, त्यामुळे चढाला ती उतरून चालते आणि आमच्यातल्या दोघींच्या आधी पोचते. तेव्हा सायकल भारी असली पाहिजे हे मनातून काढून टाका.

गिअर असतील तर एवढं लक्षात ठेवा. चढ लागायच्या आधीच हलका गिअर टाकायचा. पाय जड झाल्यावर जोर लावून गिअर बदलायला गेलं की साखळी कुरकुरते, कधी उतरतेसुद्धा. पुढची लहान चकती, मागची मोठी चकती, म्हणजे सगळ्यात हलका. पाय भराभर फिरतील आणि सायकल पुढे फारशी जाणार नाही, तेच बरोबर आहे. शेजारणीशी वाक्य पूर्ण बोलता येईल इतकाच जोर लावायचा. एकेक शब्द तुटायला लागला की वेग कमी. आमच्यात गप्पा हेच मोजमाप आहे, आणि ते बिघडल्याचं अजून तरी कधी दिसलं नाही.

आता आपल्याकडची अडचण. सायकलवाली पुरुषमंडळी पहाटे साडेपाचला निघतात. ऊन नको, उसाचे ट्रॅक्टर नकोत. त्यांचं खरं आहे, थंडीत कारखाने सुरू असले की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर शेजारून जाताना अंगावर काटा येतो. पण आमच्यातल्या पाचजणींचा रात्रिभोजनाचा त्याग आहे. सूर्योदयाआधी त्या पाणीही घेत नाहीत. अंधारात उपाशीपोटी निघायचं आणि अर्ध्या वाटेत सूर्य उगवायची वाट बघायची, हे चढाच्या वाटेवर धोक्याचं आहे. म्हणून आमचं ठरलेलं आहे : सूर्योदय, मग पाणी, मग थोडं खाणं, मग निघणं. जानेवारीत सूर्य सातच्या पुढे उगवतो, म्हणजे साडेसात होतातच. चातुर्मासात तर आम्ही घाटाचं नावच काढत नाही. रस्ताभर किडामुंगी असते, आणि शेवाळावरून चाक घसरतं ते वेगळंच.

खायला दशम्या. दुधात भिजवलेल्या, गूळ घातलेल्या. या वाटेला दशमीसारखं दुसरं काही नाही. दोन दिवस टिकते, दप्तरात चुरा होत नाही आणि चढाला ताकद देते. सोबत लसूण न घातलेली शेंगांची चटणी, राजगिऱ्याचे लाडू, खजूर. बाजारात खेळाडूंसाठी ज्या तयार पुड्या मिळतात त्यांत कधी मध असतो, कधी जिलेटिन. पाठीमागचं वाचल्याशिवाय घेऊ नका. गाळून उकळलेलं पाणी घरूनच दोन-दोन बाटल्या, एकीत लिंबू, साखर आणि मीठ. तहान लागायच्या आधी दोन घोट घेत राहायचं. गडावर झुणका-भाकरी आणि मडक्यातलं दही सगळीकडे मिळतं, पण कांदा-लसणाशिवायचं सांगून करून घ्यायला वेळ लागतो. आमचे डबे आमच्याबरोबर.

एवढी तयारी असूनही पंधरा दिवसांपूर्वी जे झालं ते सांगितलं पाहिजे, कारण त्यातूनच आमची सगळी पद्धत बदलली.

माझ्या थोरल्या जाऊबाई, अक्का, अठ्ठावन्न वर्षांच्या. नऊ वर्षं साखरेच्या गोळ्या चालू आहेत. भाऊजी गेल्यापासून तीन वर्षं त्या देऊळ आणि घर सोडून कुठं गेल्या नव्हत्या. लग्नातसुद्धा आहेर देऊन परत. दिवाळीनंतर एक दिवस मला म्हणाल्या, "मला पण न्या पन्हाळ्याला. टेम्पोत नको. सायकलवर." घरात सगळे गप्प झाले. पुतण्या म्हणाला, "आई, गोळ्या चालू आहेत तुझ्या." त्यावर त्या म्हणाल्या, "गोळ्या आहेत म्हणून काय मी नाही का?" डॉक्टरांना विचारलं, हृदयाची तपासणी झाली, ते जा म्हणाले. दोन महिने रोज सकाळी रंकाळ्याच्या कडेनं फेऱ्या मारल्या. आयुष्यात पहिल्यांदा कुर्त्याखाली ट्रॅकपँट घातली, त्यावरून गल्लीत दोन दिवस चर्चा झाली, तीही त्यांनी ऐकली न ऐकल्यासारखी केली.

केर्लीपर्यंत त्या माझ्याशेजारी होत्या. तरण्या पोरी आणि नेहमीच्या चौघी केव्हाच पुढे गेलेल्या. चढ सुरू झाला तसं दर वळणावर थांबत आम्ही चाललो. वाघबीळच्या अलीकडे अक्का बोलायच्या थांबल्या. मी बघितलं तर थंडीत कपाळावर घाम, आणि हँडल धरलेले हात थरथरत होते. "काही नाही गं, दम लागलाय," म्हणाल्या. पण दमाचा घाम वेगळा आणि हा वेगळा. कडेला बसवलं. लेकीनं हट्टानं कमरेच्या पाकिटात घालून दिलेलं साखर मोजायचं यंत्र काढलं. एकसष्ट.

मैत्रिणींनो, ज्यांच्या घरात साखरेचं दुखणं आहे त्यांनी हे पाठ करून ठेवा. सत्तरच्या खाली आकडा आला की ताबडतोब पंधरा ग्रॅम साखर पोटात गेली पाहिजे, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर, पाण्यात ढवळून. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तरच. त्या वेळी लाडू, दशमी नको, ते रक्तात उतरायला वेळ लागतो. पंधरा मिनिटं थांबायचं, परत मोजायचं. अजून कमी असेल तर तेवढंच परत. ठीक झाल्यावर मग दशमीसारखं टिकणारं काहीतरी खायला द्यायचं.

ती पंधरा मिनिटं मला पर्युषणाच्या दहा दिवसांपेक्षा लांब वाटली. आमच्या दुकानाचा छोटा टेम्पो घेऊन माझा मुलगा मागून येत होता. तो आला, त्यानं न बोलता मागचं फाळकं उघडलं. परत मोजलं तर चौऱ्याऐंशी. अक्कांनी एक दशमी खाल्ली, अर्धा तास उसाच्या बांधावर बसल्या. आणखी एकदा मोजलं, एकशे अठरा. त्या उठल्या, मुलाला म्हणाल्या, "फाळकं लाव." आणि सायकल हातात धरून चालायला लागल्या.

मी अडवलं नाही. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, चालत जाऊ दे, तासानं परत मोजा, आकडा खाली गेला तर मात्र गाडीत बसवा. म्हणून टेम्पो शंभर पावलं मागं ठेवला. उभ्या चढाला चालत, सपाट तुकडा आला की सायकलवर, असं करत गेलो. बोललो फारसं नाही. एका वळणावर खालचा सगळा मुलूख दिसतो, तिथं त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "ह्यांनी मला लग्नानंतर इथं स्कूटरवरून आणलं होतं. मागं बसून काही दिसलंच नव्हतं."

बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. पहिल्या पोरी सव्वानऊला पोचल्या होत्या.

आणि वर भांडण तयार होतं. आमच्यातल्या एकीकडे दुपारी पाहुणे यायचे होते. सव्वादोन तास ती सज्जाकोठी, तीन दरवाजा बघून, डबा खाऊन, थंडीत कुडकुडत बसली होती. "पुढच्या वेळी हळू जाणाऱ्यांचा वेगळा ग्रुप करा," असं ती सगळ्यांदेखत बोलली. अक्का ऐकत होत्या. काहीजणींना तिचा राग आला. मला नाही आला. घाम निघालेला माणूस वाऱ्यात दोन तास बसला तर गारठतो, आणि घरी स्वयंपाक तिची वाट बघत होता. दर वेळी मोठ्या मनानं थांबावं असं सांगणं सोपं आहे, थांबणारीला विचारून बघा.

पण वेगळा ग्रुप केला तर मागच्यांबरोबर कोण राहणार? हळू जाणाऱ्यांना लवकर काढावं तर नेमक्या त्याच त्यागवाल्या, सूर्योदयाआधी निघणार नाहीत. मी सुचवलं की चौघींच्या सायकली टेम्पोतून केर्लीपर्यंत न्याव्यात, तिथून चढवाव्यात. अक्का म्हणाल्या, "मी घरातून निघणार. तुम्ही उशिरा निघा की."

इतकं साधं होतं. हळू जाणाऱ्या साडेसातला निघतात. जोरात जाणाऱ्या पावणेनऊला. त्यांनाच लहान मुलं आहेत. आता त्यांचे रविवारचे नाष्टे उरकतात, भाजी चिरून होते, आणि मगच त्या निघतात. पाहुणेवाली सगळ्यात खूश. गेल्या रविवारी पोरींनी आम्हाला वाघबीळच्या पुढे गाठलं आणि शेवटचा चढ सगळ्याजणी मागेपुढे करत एकत्र चढलो. वर पोचण्यात वीस मिनिटांचा फरक पडला. अक्कांचा आकडा वर पोचल्यावर एकशे चोवीस होता. डॉक्टरांनी सायकलच्या दिवसाची सकाळची गोळी बदलून दिली आहे. तुमची तुम्ही आपल्या मनानं बदलू नका, विचारून करा.

आणखी दोन नियम केले आहेत. सगळ्यात मागे नेहमी एक तगडी बाई राहते, आळीपाळीनं, पंप आणि पंक्चरचं सामान तिच्याकडे. आणि मागची वळणावर येऊन पोचली की पुढच्यांनी लगेच पाय मारायचा नाही. पूर्वी व्हायचं काय, पुढच्या दहा मिनिटं बसून ताज्यातवान्या झालेल्या असायच्या, मागची धापा टाकत आली की "चला!" म्हणून निघायच्या. म्हणजे जिला विश्रांतीची सगळ्यात गरज तिलाच ती मिळायची नाही. आता मागचीचं पाणी पिऊन झालं, ती "हं" म्हणाली, की मगच निघतो.

उतारावर मात्र उलटं, तिथं मोठ्या बायका भीतीनं एकच ब्रेक घट्ट दाबून धरतात. दोन्ही ब्रेक वापरायचे, दाबायचे, सोडायचे, परत दाबायचे. ओढणी गाठ मारून पाठीवर किंवा सरळ घरी ठेवायची, चाकात गेली तर गळ्याला फास बसतो. हेल्मेट सगळ्यांना, केसांचा अंबाडा खाली मानेवर घाला म्हणजे नीट बसतं.

येत्या रविवारी दोघी नवीन येणार आहेत. एकीचा मागचा ब्रेक लागत नाही, सायकल दुकानात आहे, शनिवारपर्यंत मिळेल म्हणाली. दशम्या या वेळी अक्का करणार आहेत, चाळीस. कुणी येणार असेल तर शुक्रवारी मंदिरात मला सांगा, म्हणजे गूळ तेवढा जास्त आणता येईल.