भाजणीचं लेबल

पुणे

प्रिय सुमे,

पार्सल मिळालं. भाजणीची दोन पाकिटं, मेतकूट आणि गोडा मसाला. थालिपीठं त्याच रात्री लावली आणि माझ्या वाट्याला जेमतेम एक आलं, यावरून काय ते समज. भाजणी खमंग आहे, धने अगदी नेमके पडलेत. दळण किंचित जाडसर चाललं असतं, पण बंगळूरच्या गिरणीवाल्याला हे समजावणं सोपं नसणार.

आता तुझा प्रश्न. लोगो करून देणारा मुलगा पंधरा हजार मागतोय, द्यावे का? देऊ नकोस. लेबलं नि पाकिटं छापण्यावर ज्या बाईचं घर चालतं ती हे सांगतेय, म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय देऊन सांगतेय, तेव्हा ऐक. माझ्याकडे दर महिन्याला कुणीतरी नवी उद्योजिका सुबक लोगो घेऊन येते. त्यातल्या दुसऱ्यांदा छपाईला येतात त्या बहुतेक साध्या लेबलवाल्या. लोगो बघून पहिलं पाकीट खपेलही. दुसरं खपतं ते पहिल्यासारखंच निघालं तर. मोठमोठे शब्द वापरणारे ज्याला ब्रँड म्हणतात, तो मला तरी एवढाच दिसतो.

म्हणून पहिला खर्च वजनकाट्यावर कर. वाटीचं माप बंद. बाजरी, ज्वारी, तांदूळ, गहू, हरभरा डाळ, उडीद, धने, जिरं सगळं ग्रॅममध्ये वहीत लिही आणि प्रत्येक घाण्याला नंबर दे. बॅच नंबर कायद्याने लेबलावर टाकावा लागतोच, पण त्याचा खरा उपयोग तुलाच आहे. उद्या व्हाइटफील्डची एखादी बाई म्हणाली, की या वेळची भाजणी कडवट लागली, तर वही उघडून कळलं पाहिजे की त्या दिवशी उडीद जास्त भाजले गेले. मग त्याच घाण्याची पाकिटं गेलेल्या बाकी सगळ्यांना आपण होऊन फोन कर. तक्रार यायच्या आत फोन करणारी विक्रेती माणसं जन्मभर विसरत नाहीत.

पाकिटाचं बोलते. एक पाकीट कोपऱ्यात उसवलं होतं, कुरिअरच्या पिशवीत पीठ सांडलं होतं. सील मारताना तोंडाच्या आतल्या बाजूला पिठाचा कण राहिला की तिथे चिकटत नाही. नरसाळ्याने भर आणि सीलच्या आधी कोरड्या फडक्याने आतली कड पूस. दळण पुरतं गार झाल्याशिवाय भरू नकोस, आतून घाम येतो आणि गाठी होतात. तारीख तू बॉलपेनने लिहिली होतीस, ती माझ्या हाताला लागून आली. लेबल साध्या कागदाचं असल्यामुळे तेलकट बोट लागलं तिथे डाग. प्लॅस्टिक फिल्मचं स्टिकर घे, थोडं महाग पडतं, पण स्वयंपाकघरात टिकतं.

लेबलावर काय हवं ते सांगते, कारण तुझ्या लेबलावर तुळशीवृंदावनाचं चित्र आहे आणि पत्ता नाही. पदार्थाचं नाव, घटक (वजनाने जास्त ते आधी, या क्रमाने), निव्वळ वजन, बॅच, उत्पादनाची तारीख आणि कधीपर्यंत वापरावं, सर्व करांसह किंमत, तुझं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन, चौकोनातला हिरवा ठिपका आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, 14 आकडी नंबर. एवढ्याशा घरगुती उद्योगाला मोठा परवाना लागत नाही, नोंदणी पुरते. पण ती केल्याशिवाय एकही पाकीट विकू नकोस. भाजणीत गहू आहे, तेव्हा ग्लूटेन असल्याचं वेगळं छापावं लागतं. हे आपल्या बायका हमखास विसरतात. आणि ते '100 टक्के शुद्ध' काढून टाक. '100 टक्के' असं पाकिटावर लिहू नका, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2025 मध्ये बजावलंय. तसंही कुणी 80 टक्के शुद्ध असं लिहून विकत नाही.

एकदम पाच हजार लेबलं छापायची नाहीत. नग जास्त तसा दर उतरतो, हे खरं आणि आम्ही छपाईवाले तो मोह घालतोच. पण पहिल्या वर्षात किंमत बदलते, फोन बदलतो, कधी घरही बदलतं, आणि मग रद्दी उरते. डिजिटल छपाईत पाचशे निघतात, प्लेटचा खर्च नाही. किंमत, तारीख, बॅच यांच्यासाठी पांढरी खिडकी सोड आणि तिथे शिक्का मार.

नावाचं काय करायचं? तू पाठवलेली तिन्ही नावं, 'अन्नपूर्णा', 'स्वाद' आणि 'गृहिणी', माझ्या दुकानात इतक्या वेळा येऊन गेलीत की मी आता चहा सांगायच्या आधीच नको म्हणते. आपल्याकडे आडनावाची रीत जुनी आहे आणि ती उगाच टिकलेली नाही. गिरगावातले बेडेकर 1910 पासून आहेत, चितळ्यांचं तर बोलायलाच नको. आडनाव लावलं की खराब मालाची लाज घरापर्यंत येते, आणि हे गिऱ्हाइकालाही कळतं. तुझं माहेरचं आडनाव मजेदार आहे, पटकन लक्षात राहतं, त्याचा विचार कर. ठरलं की ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर ते नाव फुकट शोधता येतं. पीठ-मसाले 30 क्रमांकाच्या वर्गात येतात. एकट्या व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाचे 4,500 रुपये, आणि नोंदणी दहा वर्षांची. लोगोवाल्याला द्यायच्या पंधरा हजारांतले हे आधी काढून ठेव. अर्ज केला की नावापुढे टीएम लावता येतं. गोलातला आर मात्र नोंदणी झाल्यावरच, आधी लावला तर तो गुन्हा आहे.

मालाची यादी छाट. चकलीच्या भाजणीपासून आवळा सुपारीपर्यंत तू सगळंच करतेस, म्हणून कुणाच्याच लक्षात राहत नाहीस. वर्षभर 'भाजणीवाली' म्हणूनच ओळख होऊ दे. मेतकूट मागेल त्याला दे, बाकीचं घरी खा.

उदाहरणाला लांब कशाला जायचं, तुमच्याच गावात एमटीआर आहे. 1924 साली निघालेलं हे छोटं उपाहारगृह. ते चालवणारे यज्ञनारायण मैया 1951 मध्ये युरोपात फिरून आले, तिथली स्वच्छता त्यांनी बघितली, आणि परत आल्यावर गिऱ्हाइकांना मुदपाकखान्यातून नेऊन मग टेबलावर बसवायची पद्धत पाडली. पुढे आणीबाणीत खाद्यपदार्थांचे दर इतके खाली बांधून दिले गेले की दर्जा सांभाळून हॉटेल चालवणं परवडेना. एमटीआरने दर्जा सोडला नाही, हॉटेल बंद केलं आणि पिठं-मसाले पाकिटांत भरून विकायला घेतले. आज देशभर मिळणारी एमटीआरची पाकिटं त्या अडचणीतून निघाली. तू मुदपाकखाना दाखवू शकणार नाहीस, पण फोन आहे ना? धान्य निवडताना, कढईत ज्वारी हलवताना, खिडकीच्या उजेडात अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढ. मागे गाणं नको, भाजण्याचा आवाज पुरे.

व्हॉट्सअॅपचं बिझनेस अॅप घे, फुकट आहे, त्यात मालाची यादी फोटो-किमतीसह लावता येते. ब्रॉडकास्ट यादीत 256 जण बसतात, पण तुझा नंबर ज्यांनी साठवलाय त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून पाकीट हातात देतानाच 'नंबर सेव्ह करा हं' असं तोंडाने सांगायचं. महिन्यात दोन निरोप बास. सुप्रभात आणि गुलाबाची फुलं पाठवलीस तर मीच तुला ब्लॉक करीन.

महाराष्ट्र मंडळातली माणसं भाजणी बघून आपण होऊन येतील. शेजारच्या कन्नड आणि तमिळ घरांचं तसं नाही, त्यांना या पिठाचं काय करतात तेच माहीत नसतं. पाकिटाच्या पाठीवर चार ओळींची कृती कन्नड आणि इंग्रजीत छाप: कांदा, कोथिंबीर, तिखट, कोमट पाणी, ओल्या फडक्यावर थापा, मध्ये भोक पाडून तेल सोडा. सोसायटीच्या मेळ्यात स्टॉल लावशील तेव्हा बॅनर छोटा कर आणि तवा मोठा घे.

किमतीवर मात्र मी चिडले आहे. अर्धा किलो 120 रुपये! धान्य-मसाला 45, गॅस नि दळण 12, पाकीट-लेबल 10, म्हणजे 67 गेले आणि 53 सुटले, असा तुझा हिशेब. निवडणं, एकेक धान्य वेगळं भाजणं यात दुपार जाते, तिचे पैसे कुठे आहेत? दुकानदाराने 25 टक्के मागितले की 30 रुपये तिथेच गेले, उरले 23, त्यातून नमुने, फुटकी पाकिटं आणि उधारी. 160 लाव. सवलत देऊ नकोस, नव्या गिऱ्हाइकाला शंभर ग्रॅमची पुडी चाखायला दे. एकदा सूट दिली की पुढच्या वेळी तोच भाव ठरतो, आणि ओळखीच्या बायका घासाघीस करतात ती वेगळीच.

लेबलाची मांडणी मी करून देते, त्याचे पैसे घेणार नाही, छपाईचे घेईन. नाव, नोंदणीचा नंबर, पत्ता आणि ग्रॅममधलं प्रमाण गणपतीच्या आत पाठव. दिवाळीच्या तोंडावर प्रेसमध्ये इतकी गर्दी होते की सख्ख्या बहिणीचं कामही महिनाभर रखडतं.

तुझी,
वसू