लाईट जाते म्हणून अर्थिंग काढू नका!

तर झालं असं. आमच्याकडे एक साधा ओव्हन आहे, दीड हजार वॉटचा. ही त्यात नानकटाई आणि केक करते, ओळखीतल्या ऑर्डरी असतात. मे महिन्यात उकाड्यामुळे काम बंद होतं, ओव्हन माळ्यावर गेला. जुलैत गणपतीआधीच्या ऑर्डरी सुरू झाल्या म्हणून खाली काढला, पुसला, लावला. आणि दहा सेकंदांत अख्ख्या घराची लाईट गेली.

परत चढवली, परत गेली. रत्नागिरीत पाऊस धो धो, त्यामुळे आधी वाटलं बाहेरूनच गेली असेल. पण शेजाऱ्यांकडे दिवे चालू. आमच्या बोर्डावरचा आरसीसीबी पडलेला. (आपण सवयीने त्याला ईएलसीबी म्हणतो, तोच तो.)

सर्व्हिस सेंटरला फोन केला. "ते मॉडेल बंद झालंय, पार्ट येत नाहीत, एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या." ओव्हन बघितलासुद्धा नाही.

मग ओळखीच्या वायरमनला बोलावलं. माणूस चांगला, रात्री-अपरात्री धावून येणारा. त्याने दोनदा लावून बघितलं आणि म्हणाला, "काका, काय नाय. प्लगातली अर्थिंगची वायर काढून टाकतो, परत ट्रिप नाय होणार."

मी म्हटलं, थांब जरा, उद्या बघू.

त्या दिवशी ऑर्डर होती. हिने ओव्हन उचलून मागच्या पडवीत नेला. तिथे विहिरीच्या जुन्या पंपासाठी लावलेलं मोठं सॉकेट आहे. तिथे लावला तर एकदम झकास! एकदाही ट्रिप नाही. तीन दिवस नानकटाई निघत होती. आम्ही खूश, म्हटलं ओव्हन चांगला आहे, स्वयंपाकघरातलं सॉकेटच खराब असणार.

चौथ्या दिवशी ही सहज म्हणाली, "दार उघडताना हाताला झिणझिण्या येतात हो."

टेस्टर घेऊन गेलो आणि ओव्हनच्या पत्र्याला लावला. दिवा लागला! पायात रबरी स्लिपर होत्या म्हणून तीन दिवस झिणझिण्यांवर भागलं होतं. पडवीतला कोबा पावसात कायम ओलसर. एखाद्या दिवशी अनवाणी हात लावला असता तर?

आता जरा नीट बघायचं ठरवलं. शाळेत शिकलेलं थोडं आठवत होतं, मल्टिमीटर घरात होता.

आधी न उघडता. ओव्हनला वरची आणि खालची अशा दोन कॉईल असतात आणि कुठली लावायची त्याचं बटण असतं. स्वयंपाकघरात लावून फक्त वरची चालू केली, ट्रिप नाही. फक्त खालची केली, लगेच गेली. म्हणजे चोर खालीच.

मग प्लग काढून, पूर्ण गार झाल्यावर बाजूचा पत्रा उघडला. दोन्ही कॉईलच्या वायरी सोडवल्या. प्रत्येक कॉईल साडेसातशे वॉटची, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत साधारण ७० ओहम यायला पाहिजेत. दोन्ही तेवढेच आले. म्हणजे कॉईल तुटलेली नव्हती. आता मीटरची एक पिन कॉईलच्या टोकाला आणि दुसरी ओव्हनच्या पत्र्याला लावली. इथे काहीच दिसता कामा नये. वरच्या कॉईलला काही नाही. खालच्या कॉईलला ९ हजार ओहम! २३० भागिले ९ हजार, म्हणजे सुमारे २५ मिलीअँपिअर करंट गुपचूप पत्र्यावर येत होता.

हे होतं का? ती कॉईल म्हणजे स्टीलची नळी. आत तापणारी तार, आणि तार नळीला चिकटू नये म्हणून मधे मॅग्नेशियम ऑक्साईडची पांढरी पूड ठासलेली. ही पूड उष्णता जाऊ देते, वीज अडवते. पण ती हवेतली ओल ओढते. ओव्हन रोज तापत असेल तर ओल उडून जाते. दोन महिने बंद, त्यात कोकणातला पावसाळा, मग पूड दमट होते आणि वीज झिरपायला लागते. बिघाड एवढाच होता.

नळीला कुठे चीर किंवा फुगवटा असता तर नवीनच कॉईल घेतली असती. तसं काही नव्हतं. खालची कॉईल काढली आणि शेजारच्या वहिनींच्या ओव्हनमध्ये १२० डिग्रीला दोन तास भाजली! "भावजी, यावर चॉकलेट लावू का?" इथपर्यंत चेष्टा झाली. गार झाल्यावर मीटर लावला, काही दाखवेना. परत बसवली. पत्र्याला जिथे अर्थिंगचा स्क्रू असतो तिथे गंज होता, तो पॉलिश पेपरने घासून वायर घट्ट केली. स्वयंपाकघरात ओव्हन लावला. तासभर चालला, ट्रिप नाही. खर्च शून्य रुपये. आता पावसाळ्यात काम असो-नसो, आठवड्यातून एकदा अर्धा तास तापवतो.

पण ही पोस्ट ओव्हनसाठी लिहिलेली नाही.

पडवीतलं सॉकेट उघडलं. तीन भोकं, पण तिसऱ्या, मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. कधी घातलीच नव्हती. शिवाय ती जुनी लाईन आरसीसीबीच्या आधीच फुटलेली. म्हणजे जे सॉकेट आम्हाला "चांगलं" वाटत होतं, तेच जीव घेणारं होतं. आणि ज्याला आम्ही "खराब" म्हणत होतो, ते बिचारं दर दहा सेकंदांनी ओरडून सांगत होतं, की बाबांनो, करंट पत्र्यावर येतोय.

आरसीसीबीचं काम सोपं आहे. फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच तो बघतो. मधे कुठे झिरपला तर बंद करतो. घरात बसवतात तो ३० मिलीअँपिअरचा असतो, म्हणजे त्याच्या आतच पडतो. साधा एमसीबी हे काम करत नाही. तो जास्त लोड आणि शॉर्टसर्किट बघतो. माणसाला शॉक बसतोय हे त्याला कळतच नाही. आणि अर्थिंगची वायर काढली तर झिरपणं थांबत नाही, फक्त त्याची वाट बंद होते. मग तो करंट पत्र्यावर वाट बघत बसतो, कुणीतरी हात लावेपर्यंत.

वायरमनला दोष देऊन काय उपयोग? आपण त्याला बोलावतो तेच "लाईट जाते, तेवढं थांबवा" म्हणून. "लिकेज कुठे आहे ते शोधा" असं कोण म्हणतं? शोधायला दोन तास लागतात, त्याचे पैसे द्यायला आपण कुरकुरतो. वायर काढायला दोन मिनिटं लागतात. जे मागतो तेच मिळतं.

आपल्या देशात दरवर्षी दहा हजारांहून जास्त माणसं शॉक लागून जातात, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात हे आकडे छापलेले असतात. त्यात शेतातले पंप आहेत, रस्त्यावरचे खांब आहेत, तसेच घरातले गिझर आणि कूलरही आहेत.

म्हणून हात जोडून विनंती. आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. पडला पाहिजे. नाही पडला तर तो नुसता शोभेचा आहे. वायरमन घरी येईल तेव्हा प्रत्येक मोठ्या सॉकेटचं तिसरं भोक तपासून घ्या. फेज ते अर्थ मोजलं तर फेज ते न्यूट्रलइतकंच, २३० च्या आसपास यायला पाहिजे. भलतंच काहीतरी आलं तर आत वायर नाही किंवा तुटलेली आहे. आणि मीटर हाताळायची सवय नसेल तर स्वतः उघडाउघड करू नका.

दुसरं, जे एकट्याने होत नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये, शाळा व्यवस्थापन समितीत, ग्रामसभेत एक प्रश्न विचारा, "अर्थिंग शेवटचं कधी तपासलं?" आमच्या वाडीतल्या अंगणवाडीत पाण्याचा फिल्टर आहे, मुलं ओल्या हातांनी नळ सोडतात. त्याचं तिसरं भोक बघितलंय कुणी? पुढच्या ग्रामसभेत मी हा प्रश्न मांडणार आहे. वाडीतल्यांनी सोबत या.

आमच्या पडवीत नवीन अर्थिंग झालं, ती लाईन आरसीसीबीखाली घेतली. साडेचार हजार गेले. काम त्याच वायरमनने केलं, आणि जाताना म्हणाला, "काका, माझ्या घरचं पण बघतो आता."