टपावरचा तंबू आणि रात्रीची शिडी

प्रताप नगरातून अमरावती, परतवाडामार्गे चिखलदऱ्याला पोहोचलात, की सुमारे ११०० मीटर उंचीवरची थंडी जाणवू लागते. मोटारीच्या टपावर उघडणारा तंबू घेऊन तेथे मुक्काम करण्याचा बेत हल्ली अनेक कुटुंबांत शिजतो. वाचकहो, असा तंबू निवडताना कापडाच्या आधी शिडी पाहा.

उतारवयात रात्री लघवीला उठावे लागतेच, थंडीत अधिकच. झोपेतून एकदम उभे राहिल्यास रक्तदाब उतरून भोवळ येते. उंच शिडीवरून तोल गेला, तर खुब्याचे हाड मोडू शकते.

म्हणून खरेदीपूर्वी दिवसाउजेडी, शेजारी उभे राहून, आजी-आजोबांना शिडीची चढउतार करून पाहू द्या. गुडघे थरथरले, तर तंबू तरुणांसाठी ठेवा. काही तंबूंना खाली जमिनीपर्यंत येणारी कापडी खोली जोडता येते. ज्येष्ठांची खाट तिच्यात मांडा. चक्कर येणाऱ्यांसाठी मात्र प्रसाधनगृह जोडलेली पक्की खोलीच योग्य. चालत्या गाडीच्या टपाला किती भार पेलतो, हेही गाडीच्या पुस्तिकेत तपासा.

रात्री कोण कोठे निजले, याला महत्त्व नाही. सकाळी दरीतले धुके सर्वांनी मिळून, धडधाकटपणे पाहावे, एवढ्यासाठीच तर हा प्रवास.