कापडपेठेखालची छावणी

नारायणगावहून कोल्हापूरला निघालेल्या सहलीचा बेत ठरलेला असतो: जोतिबा, अंबाबाई, पन्हाळा आणि वेळ उरलाच तर गांधीनगरला कापडखरेदी. कैदेतलं पोर या मंडळींना ऐकून ठाऊक असतं. १५९५ मध्ये गादीच्या भांडणात चिमुकल्या बहादूर निजामशहाला त्यांच्याच जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यावर डांबलं होतं. पण गांधीनगरात कैदेतून सुटलेली शेकडो पोरं वाढली, हे कापडाच्या गठ्ठ्यांतून वाट काढताना कुणाच्या ध्यानात येणार?

कोल्हापूर-मिरज लोहमार्गावरचं वळीवडे स्टेशन इथून जवळच. १९४३ मध्ये इथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी वसली. बराकी, शाळा, चर्च, दवाखाना, नाटकं; वस्ती सुमारे पाच हजारांची, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं.

पुरुष कुठे होते? काही लढाईवर, काही कधीच न परतणारे. १९३९ मध्ये सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या आणि अधिकारी, पोलीस कैद झाले. एप्रिल १९४० मध्ये कैद्यांच्या बायकामुलांना मालगाड्यांत कोंबून कझाकस्तानात धाडलं. त्याच सुमारास कातिनच्या जंगलात आणि इतरत्र सुमारे २२ हजार कैद्यांना गोळ्या घातल्या गेल्या. पुढे हिटलर रशियावर उलटला, म्हणून उरलेल्यांची सुटका झाली आणि हजारो जण इराणमार्गे बाहेर पडले. कातिनची थडगी सापडल्याची बातमी फुटली एप्रिल १९४३ मध्ये, छावणी वसण्याच्या तोंडावर. मॉस्कोने खून कबूल केले १९९० मध्ये! वळीवड्यात पाढे म्हणणारी मुलगी तोवर पन्नाशी ओलांडून गेली होती.

युद्ध संपलं, पण घरी जायचं कुठे? त्यांची गावं आता सोव्हिएत संघात होती. बरेच जण ब्रिटनकडे वळले. एका मुलीने कोल्हापूरकराशी लग्न केलं आणि ती इथलीच झाली.

पुरुष कैदेत आणि कुटुंबं परागंदा, हेच १९७५ नंतर व्हिएतनाममध्येही घडलं. हरलेल्या सायगाव सरकारचे अधिकारी ‘पुनर्शिक्षण’ छावण्यांत गेले, कित्येक कुटुंबं होड्यांतून समुद्रावर. तीन वर्षांहून अधिक कैद भोगलेल्यांना कुटुंबासह घ्यायला अमेरिका राजी झाली ती १९८९ मध्ये.

वळीवड्याच्या बराकी रिकाम्या होताच फाळणीने बेघर झालेले सिंधी तिथे आले. आजची कापडपेठ त्यांनीच उभी केली.

कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश स्मारक आहे, आणि शहरातल्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांच्या कबरी. सहलीच्या बेतात यांनाही तासभर द्या.