सतरा वर्षांचा म्हातारा

स्टेफनी मायर यांची ‘ट्वायलाइट’ ही २००५ सालची कादंबरी भाचीने मोठ्या आग्रहाने माझ्या हाती ठेवली. रक्तपिपासू पिशाच्चाने शाळकरी मुलीवर प्रेम करावे, या कल्पनेला मी नाक मुरडले नाही. भुताखेतांच्या गोष्टींवर माझा लोभ जुना आहे. शिवाय नायक एडवर्ड १९१८ साली शिकागोत इन्फ्लुएंझाने मरणपंथाला लागला होता. आईबाप त्याच साथीत गेले, आणि पिशाच्चयोनीत गेल्यामुळेच हा उरला, हे वाचून तर मी सावरून बसलो.

त्याच साथीने आमच्याकडे मानमोडी या नावाने घरेच्या घरे ओस पाडली. माझ्या आजीचे दोन भाऊ एका आठवड्यात गेले. ऐंशीव्या वर्षीही दिवेलागणीला घरात कुणी खोकले, की तिच्या हातातली जपमाळ थांबे. मग तेव्हापासून सतराच वर्षांचा राहिलेला हा मुलगा काय काय उराशी बाळगून असेल! मी आशेने पाने उलटीत राहिलो. पण तो मोटार भरधाव हाकतो, पियानो वाजवतो, उन्हात हिऱ्यासारखा चमकतो. त्या दिवसांचा विषय निघताच, फार वर्षे लोटली, माणसाच्या आठवणी पुसट होतात, असे सांगून मोकळा होतो. आणि बोलणे घरातल्या इतर पिशाच्चांकडे वळते.

भाचीजवळ मी ही तक्रार केली. ती हसून म्हणाली, “मामा, तुम्ही त्यात पणजीला शोधत होतात.”

असेल. पुस्तक मी तिला परत केले आणि पणजीच्या त्या भावांची नावे सांगू लागलो. एकाचे काही केल्या आठवेना.